सणाच्या जेवणात नवा पदार्थ वाढताना

सणाला हौसेने केलेला नवा पदार्थ भांड्यात अर्धाअधिक तसाच उरतो, तेव्हा चव बिघडलेली असतेच असं नाही. बहुतेकदा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर कुणीतरी वर्षभर ज्याची वाट पाहिली, त्या पदार्थाच्या जागेवर तो येऊन बसलेला असतो. नाहीतर तो कोमट होऊन, आळून, कसा खायचा हे कळणार नाही अशा अवस्थेत टेबलावर आलेला असतो. पहिली चूक यादी करताना होते, दुसरी घड्याळाकडे दुर्लक्ष केल्याने. दोन्ही टाळता येतात आणि त्यासाठी स्वयंपाकात फार तरबेज असावं लागत नाही.

काय हलवायचं नाही ते आधी ठरवा

घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "कुठला पदार्थ नसला तर सण झाल्यासारखा वाटणार नाही?" अंदाज बांधू नका, खरोखर विचारा. दहा-बारा माणसांच्या घरात उत्तरं फिरून फिरून दोन-तीन पदार्थांवर येतात, आणि त्यातला एखादा तरी तुमच्या ध्यानीमनी नसलेला निघतो. ज्याच्यासाठी सकाळपासून राबायचं तो मुख्य पदार्थ कुणाला नसला तरी चालतो, पण त्याच्या बाजूला वाढलं जाणारं चमचाभर तोंडीलावणं मात्र हवंच असतं.

हे दोन-तीन पदार्थ जसेच्या तसे राहू द्या. त्यांच्यात सुधारणाही नको. "तोच पदार्थ, पण जरा वेगळ्या पद्धतीने" हा सगळ्यात फसवा मार्ग आहे, कारण अनोळखी पदार्थ लोक नवा म्हणून खातात आणि ओळखीचा बदलला की चुकला म्हणून खातात. आजीच्या हातचं गोड ओव्हनमध्ये, कमी साखरेत, वेगळ्या पिठाचं करून बघायची हौस असेल तर वर्षात दुसरे पुष्कळ रविवार आहेत.

उरलेल्या जागा मोकळ्या समजा, पण सगळ्या सारख्याच सोप्या नसतात. सर्वांत सोपी जागा सुरुवातीची: सूप, एखादा चटपटीत घास. तेव्हा भूक लागलेली असते आणि तुलना करायला समोर दुसरं काही नसतं. मग सॅलड आणि बाजूची भाजी. त्यानंतर दुसरा मुख्य पदार्थ, म्हणजे नेहमीच्या मुख्य पदार्थाशेजारी ठेवलेला, त्याच्याऐवजी नव्हे. गोडाची जागा सर्वांत अवघड. तिथे नवं करायचं तर जोडीला, आणि लहान आकारात.

सात-आठ पदार्थांच्या जेवणात एक नवा, फार तर दोन. दोन करायचे असतील तर दोघांना एकाच वेळी ओव्हन किंवा एकच मोठी शेगडी लागता कामा नये.

"परंपरा मोडली" असं कुणी म्हणालंच तर वाद घालू नका. पण स्वतःच्या समाधानासाठी एवढं माहीत असू द्या: मिरची, बटाटा, टोमॅटो आणि मका ही चारही अमेरिका खंडांतली पिकं. १४९२ च्या आधी त्या खंडांबाहेरच्या कुठल्याच सणाच्या स्वयंपाकात ती नव्हती. आज यांतलं काहीतरी न घालता होणारं सणाचं जेवण शोधावं लागेल. जपानमध्ये नाताळला तळलेलं चिकन खाण्याची चाल तर १९७४ सालच्या एका जाहिरात मोहिमेने रुळवली, आणि आता तिथे तीच परंपरा आहे.

जो माणूस दरवर्षी हे जेवण रांधतो, त्याला किंवा तिला मात्र आधी सांगा. फोनवर, महिनाभर आधी, आणि नेमकं काय ते सांगा: "आजी, तुझं गोड आणि रस्सा नेहमीसारखाच. मी फक्त सुरुवातीचं सूप वेगळं करतेय. तुझी मोठी शेगडी साडेबारापर्यंत लागणार नाही." यात मुख्य वाक्य शेवटचं आहे. नव्या पदार्थाला विरोध होतो, तो निम्म्या वेळा चवीसाठी नसून ओट्यावरच्या जागेसाठी असतो.

कोणता पदार्थ निवडायचा

साध्या दिवशी सुंदर होणारा पदार्थ सणाच्या दिवशी टिकेलच असं नाही. सणाचं जेवण वेळेवर सुरू होत नाही. कुणी अडकतं, कुणी फोटो काढतं, एक मूल झोपलेलं असतं. म्हणून निवडीची पहिली कसोटी: शिजल्यावर ३०-४० मिनिटं झाकून ठेवला तर पदार्थ खाण्यासारखा राहतो का?

या कसोटीवर रिसोतो, म्हणजे इटालियन पद्धतीचा मऊसर भात, नापास होतो. तांदळातला स्टार्च सुटून आलेला त्याचा सैलसर, वाहता पोत पाच-दहा मिनिटांत घट्ट होतो, आणि अर्ध्या तासाने डाव उभा राहील असा गोळा उरतो. पातळ पिझ्झाही नापास: ओव्हनमध्ये एका वेळी एक किंवा दोन, बारा माणसं आणि शेवटच्याला मिळेपर्यंत पहिला हात धुऊन मोकळा. सूफ्ले (अंड्याचा फुगवून भाजलेला पदार्थ), स्टेक (मांसाचा भाजलेला जाड काप) आणि गरम तेलातून थेट ताटात पडायला हवं असं काहीही याच कारणाने नको. तळण करणारा माणूस जेवायलाच बसत नाही, हे वेगळंच.

पास होणारे पदार्थ म्हणजे थरांचे भाजलेले प्रकार (पास्त्याच्या पट्ट्यांचं लझान्या, बटाट्याच्या कापांचं ग्रातँ), मंद आचेवर शिजलेले दाट रस्से, कडधान्यांची चिली (मिरची-मसाल्याचा दाट रस्सा), भाजलेल्या भाज्या आणि सोबत हुमुस (काबुली चण्यांचं वाटण), आणि ज्याचं त्याने भरून घ्यायचे टाको (सारण भरून दुमडलेली पातळ मेक्सिकन पोळी). यातले बरेचसे आदल्या दिवशी करता येतात, किंबहुना रस्से आणि चिली मुरल्यावरच चांगले लागतात.

दुसरी कसोटी: पदार्थात निदान एक गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची हवी. बटाटा, भात, चीज, टोमॅटोचा रस, काहीही. नवा मसाला ओळखीच्या भाजीवर चालतो, नवी भाजी ओळखीच्या मसाल्यात चालते, दोन्ही नवं असलं की चमचा जागच्या जागी थांबतो. तिसरी कसोटी: तो नेहमीच्या ताटात, नेहमीच्या चमच्याने खाता यावा. वेगळी वाटी, वेगळे चिमटे, वेगळी पद्धत लागली की वयस्कर माणसं "मला नको" म्हणून मोकळी होतात. त्यांना पदार्थ नको असतो असं नाही, चारचौघांत अवघडून खाणं नको असतं.

पथ्य आणि लपलेले घटक

नेहमीच्या पदार्थांत काय असतं ते घरच्यांना पाठ असतं, म्हणून कुणी विचारत नाही. नव्या पदार्थात ती सोय नाही, त्यामुळे विचारण्याची जबाबदारी तुमची. "काही पथ्य आहे का?" असं मोघम न विचारता नावं घेऊन विचारा: दूध, अंडं, गहू, शेंगदाणे, बदाम-काजू-अक्रोड, तीळ, सोया, मासे, कोळंबी. शाकाहारी माणूस चीज, अंडं खातो का, हेही.

घोळ होतो तो बाटल्यांमुळे. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. वुस्टरशायर सॉसमध्ये अँचोव्ही नावाचे मासे असतात. ऑयस्टर सॉस कालवांचा. थाई करीच्या तयार पेस्टमध्ये बहुतेक वेळा सुकवलेली कोळंबी असते, लेबलावर भाजीचं चित्र असलं तरी. हुमुसमधलं ताहिनी म्हणजे वाटलेले तीळ. पेस्तोत (पास्त्यावर घालायच्या इटालियन हिरव्या चटणीत) चीजही असतं आणि सुका मेवाही. अस्सल पारमेजान चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेट नावाच्या विरजणाने केलेलं असतं, म्हणून काटेकोर शाकाहारी माणसाला ते चालणार नाही. जेलीत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेला घटक. आणि "वाइन शिजताना उडून जाते" यावर भिस्त ठेवू नका. तासभर शिजवल्यावरही मूळ अल्कोहोलचा साधारण पाव भाग राहतो. ज्याला वर्ज्य आहे त्याला सांगा, नाहीतर वाइनऐवजी भाज्यांचं पाणी आणि थोडा लिंबाचा रस वापरा.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही नको. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना द्राक्षं उभी चिरून द्या आणि अख्खे दाणे देऊ नका. गरोदर बाईला कच्चा मासा आणि पाश्चराइज न केलेल्या दुधाचं मऊ चीज वाढू नका.

किती करायचं

इथे जवळजवळ सगळेच जास्त करतात. पाकपुस्तकातलं "आठ जणांसाठी" हे तो एकच पदार्थ जेवणात असेल असं धरून लिहिलेलं असतं. सणाला तो सातांतला एक असतो. नेहमीच्या मुख्य पदार्थाशेजारी ठेवायच्या नव्या पदार्थाचं प्रमाण असं काढा: सगळे थोडं घेतील, कुणीच पोटभर घेणार नाही. म्हणजे माणशी पूर्ण वाढीच्या अर्धं.

पूर्ण वाढ म्हणजे माणशी कोरडा पास्ता ८०-१०० ग्रॅम, कच्चा तांदूळ ६०-७५ ग्रॅम, बिनहाडाचं कच्चं मांस किंवा मासा १५०-१८० ग्रॅम. सूप सुरुवातीला द्यायचं तर माणशी २०० मिलि पुरे. त्याहून मोठा वाडगा दिलात तर पुढचं जेवण तुम्हीच मारलंत.

मोठ्या प्रमाणात करताना सगळं सरळ चौपट होत नाही. चौपट कांदा त्याच पातेल्यात टाकला तर तो परतला जात नाही, स्वतःच्या पाण्यात वाफवला जातो, आणि रंग येत नाही. दोन-तीन हप्त्यांत परता. पाणी आटतं ते पृष्ठभागावरून, म्हणून चौपट रश्शाला चौपट पाणी घातलं तर तो पातळच राहतो. तीनपट घालून सुरुवात करा आणि लागेल तसं वाढवा. मीठ आणि तिखट आधी पाऊणच घाला, शेवटी चव बघून पुरं करा. खोल एका भांड्यापेक्षा उथळ दोन ट्रे बरे, कारण खोल ट्रेचा मधला भाग गरम होईपर्यंत कडा वाळून जातात.

रंगीत तालीम

दोन आठवडे आधी पाव किंवा अर्ध्या प्रमाणात एकदा करून बघा. लगेच खाऊ नका. शिजल्यावर झाकून ४० मिनिटं ठेवा आणि मग चव घ्या, कारण सणाला तो तसाच खाल्ला जाणार आहे. खरा वेळ किती लागला ते लिहून ठेवा. "तयारी १५ मिनिटं" असं छापणाऱ्याने कांदे सोलल्याचा वेळ धरलेला नसतो. चव बघायला घरातला सगळ्यात चिकित्सक माणूस बसवा. "छान झालंय" म्हणणारे त्या दिवशी पुष्कळ भेटतील.

बारा जणांचं भाज्यांचं लझान्या, आदल्या दिवशी रचलेलं

पहिल्यांदाच प्रयोग करत असाल तर हाच पदार्थ सुचवू. तो वाट बघतो, मोजून कापता येतो, आणि मुलांपासून दात नसलेल्यांपर्यंत सगळ्यांना चावता येतो. ट्रे ३३ × २३ सेंमी, निदान ५ सेंमी खोल.

लागेल ते: लझान्याच्या न उकडता वापरायच्या पट्ट्या १२, दाट टोमॅटो सॉस (बाटलीतला केचप नव्हे, शिजवून आटवलेला टोमॅटोचा रस) १.२ लिटर, दूध ७५० मिलि, लोणी ६० ग्रॅम, मैदा ६० ग्रॅम, पालक ५०० ग्रॅम, मशरूम ४०० ग्रॅम, किसलेलं मोझरेला चीज ३०० ग्रॅम, मीठ, मिरपूड, चिमूटभर जायफळ.

हा पदार्थ बिघडतो तो एकाच कारणाने: पाणी. मशरूममध्ये ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, पालकातही तेवढंच. ते आधी काढलं नाही तर ओव्हनमध्ये सुटतं आणि थर एकमेकांवरून घसरतात. मशरूमचे काप रुंद तव्यावर मोठ्या आचेवर टाका. आधी ते करकरतील, मग स्वतःच्याच पाण्यात पोहायला लागतील, मग पाणी आटून पुन्हा तव्याला चिकटल्याचा चुरचुर आवाज येईल. तो दुसरा चुरचुर आवाज येईपर्यंत थांबा, कडा तपकिरी होऊ द्या, मीठ त्यानंतर. पालक वाफवून गार करा आणि मुठीत धरून पिळा. हिरवं पाणी थेंबथेंब येईनासं होईपर्यंत पिळा. पाचशे ग्रॅमच्या जुडीचा शेवटी क्रिकेटच्या चेंडूएवढा गोळा उरला पाहिजे. मोठा राहिला तर अजून पाणी आहे.

पांढऱ्या सॉससाठी लोणी वितळवून त्यात मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. दूध थोडं थोडं घालत व्हिस्कने घोटा. पहिलं अर्धा कप दूध पूर्ण जिरल्याशिवाय पुढचं घालू नका, गुठळ्या होतात त्या तिथेच. उकळी आल्यावर ५-६ मिनिटं शिजू द्या, नाहीतर कच्च्या मैद्याची चव राहते. चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली की झालं. मीठ, मिरपूड, जायफळ आता घाला.

ट्रेच्या तळाला टोमॅटो सॉसचा पातळ हात फिरवा. त्यावर तीन पट्ट्या. ट्रेच्या भिंतींना त्या टेकू देऊ नका, शिजताना फुगतात. वर टोमॅटो सॉस, भाजी, पांढरा सॉस, मूठभर चीज. असे चार थर, शेवटच्या थरावर भाजी नाही, दोन्ही सॉस आणि उरलेलं सगळं चीज. पट्टीचा एकही कोपरा कोरडा दिसता कामा नये. जो दिसेल तो भाजल्यावर नखासारखा कडक होतो. न उकडलेल्या पट्ट्या सॉसमधलंच पाणी शोषतात, म्हणून टोमॅटो सॉस दाट हवा, पण चटणीसारखा घट्ट नको.

झाकून फ्रिजमध्ये ठेवा. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ट्रे स्टीलचा असेल आणि वरची अल्युमिनियम फॉइल टोमॅटोला चिकटली असेल, तर सकाळी फॉइलला बारीक भोकं पडलेली आणि खाली चीजवर करडे ठिपके दिसतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट-आंबट ओल, म्हणजे चक्क बॅटरी तयार होते आणि फॉइल झिजते. इंग्रजीत या प्रकाराला नावच 'लझान्या सेल' असं आहे. काच किंवा चिनी मातीचा ट्रे वापरा, किंवा फॉइलच्या आत बटर पेपर घाला. काचेच्या ट्रेचं दुसरं पथ्य: फ्रिजमधून थेट तापल्या ओव्हनमध्ये नको, तडकतो. अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा.

ओव्हन १९० अंशांवर, पंख्याचा असेल तर १७०. फॉइल झाकून ५० मिनिटं, मग उघडून २० मिनिटं. मधोमध थर्मामीटरने ७४ अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत. थर्मामीटर नसेल तर पातळ सुरी मधोमध खुपसून दहा सेकंद ठेवा, बाहेर काढल्यावर पातं चांगलं पोळणारं हवं. कडेला रटरटतंय म्हणून मध्येही गरम असेल यावर विश्वास ठेवू नका.

बाहेर काढल्यावर २० मिनिटं हात लावायचा नाही. लगेच कापलं तर पहिला तुकडा उचलताना वरचे दोन थर हातात आणि खालचे दोन ट्रेमध्ये अशी गत होते. वीस मिनिटांत स्टार्च आणि चीज आवळून येतात, आणि तुकडा विटेसारखा उभा राहतो. आतून तो तेव्हाही जीभ भाजेल इतका गरम असतो. मुख्य पदार्थ म्हणून वाढायचं तर ३ × ४ असे बारा तुकडे, बाकी जेवणासोबत वाढायचं तर ४ × ६ असे चोवीस. सणाला चोवीसच करा. पाच-सहा सेंमीचा तुकडा कुणीही "बघू तरी" म्हणून घेतं. हातभर तुकडा ताटात पडला की माणूस त्याच्यापासून बाकीचं जेवण वाचवायला बघतो.

ज्याचं त्याने भरून घ्यायचे टाको

पथ्यं फार असतील तर हा प्रकार बरा, कारण नको ते ज्याने त्याने टाळायचं. नऊ मोठे आणि तीन मुलं धरली तर मुख्य जेवणाला १५ सेंमीच्या टॉर्टिया (टाकोच्या पातळ पोळ्या) ३६ लागतील: मोठ्यांना तीन, मुलांना दोन, आणि थोड्या फाटणारच. सारण शिजलेलं साधारण १.३ किलो. चिकन शिजताना पाव ते एकतृतीयांश वजन गमावतं, म्हणून बिनहाडाचं कच्चं १.९ किलो घ्या. राजमा घ्यायचा तर कोरडा अर्धा किलो शिजून तेवढाच होतो. राजम्याबाबत एक सक्त नियम: निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, आणि नव्या पाण्यात आधी निदान दहा मिनिटं, शक्यतो अर्धा तास खळखळून उकळा. कच्च्या राजम्यातला लेक्टिन नावाचा विषारी घटक मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये नष्ट होत नाही, आणि अर्धकच्चे थोडे दाणेसुद्धा उलट्या सुरू करायला पुरतात.

टॉर्टिया आठ-दहाच्या चळतीने ओलसर फडक्यात, वर फॉइलमध्ये गुंडाळून १५० अंशांवर १५-२० मिनिटं. उघड्या ठेवल्या की वाळतात आणि दुमडताना मधोमध मोडतात.

टेबलाचा क्रम असा: ताटं, टॉर्टिया, गरम सारण, गार भाज्या, चीज, सॉस, सगळ्यात शेवटी चमचे आणि नॅपकिन. चमचे सुरुवातीला ठेवले तर एक हात तिथेच अडकतो. एका माणसाला मिनिटभर लागतं, म्हणजे बारा जणांची रांग बारा मिनिटांची आणि पहिल्याचं गार. टेबल भिंतीपासून ओढून दोन्ही बाजूंनी मांडा, वेळ निम्मा होतो. प्रत्येक वाटीला स्वतःचा चमचा, आणि शाकाहारी सारण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. पहिला टाको तुम्हीच, सगळ्यांना दिसेल असा भरा. सूचनाफलकाची गरज पडत नाही.

त्या दिवशीचं घड्याळ

जेवण दुपारी एकला आणि ओव्हन एकच, असं धरून लझान्याचा हिशेब उलटा मांडा. १२:५० ला कापायचं, म्हणून १२:३० ला बाहेर. १२:१० ला फॉइल काढायची. ११:२० ला आत. १०:५५ ला ओव्हन सुरू. १०:४० ला ट्रे फ्रिजबाहेर. याचा खरा फायदा असा की १२:३० ते १ ओव्हन रिकामा मिळतो, तापलेला, आणि नेहमीचे पदार्थ त्यात गरम होतात. हा कागद फ्रिजवर चिकटवा, म्हणजे "ओव्हन कधी मोकळा होणार?" हा प्रश्न दहादा ऐकावा लागत नाही. दार उघडून सारखं बघू नका, प्रत्येक वेळी उष्णता जाते आणि कागदावरच्या वेळा खोट्या ठरतात.

पाहुण्यांना उशीर झाला तर ओव्हन ९०-९५ अंशांवर आणून ट्रे झाकून आत ठेवा. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, गार पदार्थ ५ च्या खाली. मधल्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. टेबलावर ठेवलेलं अन्न दोन तासांत आत गेलं पाहिजे, खोलीचं तापमान ३२ च्या वर असेल तर तासाभरात.

वाढताना फार बोलू नका. पदार्थाचं नाव आणि त्यात काय आहे एवढं एका वाक्यात: "पालक-मशरूमचे थर आहेत, वर चीज." पंधरा मिनिटांचं प्रास्ताविक दिलंत की खाणाऱ्यावर परीक्षकाची जबाबदारी पडते. "कसं झालंय?" हेही पहिल्या घासाला विचारू नका. आवडलं तर हात आपोआप पुन्हा ट्रेकडे जातो.

बिघडलंच तर

खारट झालं तर बटाटा टाकून मीठ शोषलं जाईल या भरवशावर राहू नका. तो पाण्याबरोबर थोडं मीठ घेतो, रश्शाचा खारटपणा तेवढाच राहतो. बिनमिठाचा रस्सा, शिजलेली डाळ किंवा टोमॅटो घालून प्रमाण वाढवणं हाच उपाय. तिखट झालं तर पाण्याने काही होणार नाही, मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सायसिन पाण्यात फारसं विरघळत नाही. साय, दही किंवा चीज घाला, दुधातलं केसीन नावाचं प्रथिन त्याला बांधून ठेवतं. तळाला लागलं तर ढवळू नका, खरवडू नका. वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात ओता आणि चव बघा. जळका वास बहुतेक वेळा खालीच राहतो. ढवळलंत तर सगळ्या पातेल्यात पसरतो आणि मग कुठलाच मसाला तो झाकत नाही. लझान्या मध्ये गार निघालं तर आख्खा ट्रे परत आत घालण्याऐवजी तुकडे कापून मोकळे ठेवा आणि झाकून १५ मिनिटं द्या, उष्णता आतपर्यंत लवकर पोचते.

उरलेलं उथळ डब्यांत, पाच सेंमीपेक्षा जाड थर नको, म्हणजे लवकर गार होतं. फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस. शिजलेला भात मात्र दुसऱ्याच दिवशी संपवा. त्यातले बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात बाहेर राहिला तर ते जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. बाकी सगळं ७४ अंशांपर्यंत गरम करून खा.

झोपण्यापूर्वी तालमीच्या त्याच कागदावर दोन आकडे लिहा: किती तुकडे केले, किती उरले. चोवीसातले सहा-सातच उरले असतील तर पदार्थ ठरला, पुढच्या वर्षी तेवढेच कमी करा. पंधरा उरले असतील तर आधी वेळ आणि जागा तपासा. शेवटी आला होता का, गार होता का, टेबलाच्या लांबच्या टोकाला होता का? पदार्थ बदलायचा की नाही, हे त्यानंतर.